देवळालीचे कापरेकर मास्तर

परभणीहून मनमाडमार्गे मुंबईस जाऊ लागले म्हणजे नाशिकरोडच्या पुढे देवळाली हे स्थानक लागते. या गावच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर या नावाचे शिक्षक होते. संख्यांचे त्यांना विलक्षण वेड होते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद असे. पत्रिकेसाठी करावयाच्या आकडेमोडीतून मुलालाही अंकांची गोडी लागली. ठाण्याच्या शाळेत कोडी सोडविताना तो तासन् तास रमून जाई. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली कापरेकरांनी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळविले. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि लगेच शिक्षकी पेशात शिरले.

मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर डोंबिवली आहे. त्या स्थानकाला त्या काळी डेम्लो असेही म्हणत. तेथेच कापरेकरांना काही निराळ्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली, म्हणून त्या संख्यांना त्यांनी डेम्लो हेच नाव दिले. मुलांनो, पाटी घ्या आणि ११ चा वर्ग करा. तो १२१ येतो. १११ चा वर्ग १२३२१ येतो. असेच एके वाढवीत नऊ एक्यांपर्यंत गेलात, तर त्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ इतका प्रचंड येतो. यात सतरा अंक आहेत. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त स्थानांची जी नावे दिली आहेत, त्यांतील शेवटचे परार्ध; त्याच्या अलीकडच्या ‘मध्य’ या स्थानापर्यंत ही संख्या पोहोचते.

आता तिचे गुपित पाहा. मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडे १२३४५६७८ आणि उजवीकडे ८७६५४३२१ उरतात. त्यांची बेरीज करा. ९९९९९९९९ येते, म्हणजे सगळे नऊच! १२३२१ मध्येही तसेच आहे. मधला ३ काढला की १२ आणि २१ उरतात व त्यांची बेरीज ३३ होते. दहा एके घेतले तर मात्र हातचे येऊन वर्गातील अंकांची ही चढउतार मोडते.

अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटे. हसणाऱ्यांचे अगदीच चुकले असे मला म्हणवत नाही, कारण अशा संख्यांनी पूल बांधले जात नाहीत की शेते पिकत नाहीत. परंतु कापरेकर त्या हसण्याने खचले नाहीत. आपले शोध छोट्या पुस्तिकांच्या रूपाने ते स्वतःच प्रसिद्ध करीत.

१९४६ साली त्यांना ६१७४ ही संख्या गवसली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. समजा, ३५२४ घेतली. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करा. ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७ उरले. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुनःपुन्हा करा. शून्य आले तरी ते अंकच समजा. पुढे ८३५२ येते आणि मग ६१७४. यानंतर कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६१७४ च येते! सात पायऱ्यांच्या आत प्रत्येक संख्या येथे येऊन थांबते. हा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला.

१९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्यामुळे उतारवयात त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. तरीही वहीतील अंक चालूच होते. मग १९७५ साली मार्टिन गार्डनर या लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ या अमेरिकेतील मासिकात त्यांच्या संख्यांविषयी लिहिले, आणि देवळालीच्या या मास्तरांचे नाव देशोदेशींच्या गणितप्रेमींना ठाऊक झाले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते.

१९८६ साली देवळाली येथेच त्यांचे देहावसान झाले.