आंद्रेई मार्कोव्ह : एका अक्षरगणनेची चरित्रकथा

संगणकीय भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एक प्रकल्प हमखास दिला जातो : एखादी संहिता घेऊन, एका अक्षरानंतर वा शब्दानंतर दुसरे कोणते येण्याचा संभव किती, हे मोजणे. या मोजणीचा उगम पुश्किनच्या एका पद्य कादंबरीत आहे. मोजणी करणारे आंद्रेई मार्कोव्ह मात्र गणिती होते, आणि त्यांचे प्रयोजन वाङ्मयीन नव्हते.

मार्कोव्ह यांचा जन्म १८५६ साली रशियातील रियाझान येथे झाला. वडील प्रथम वनखात्यात व पुढे एका जमीनदारीचे कारभारी होते. गुडघ्याच्या विकारामुळे शस्त्रक्रिया होईपर्यंत मुलाला कुबड्यांवर चालावे लागे. १८७४ मध्ये ते पीटर्सबर्ग विद्यापीठात दाखल झाले, तेथे चेबिशेव्ह यांचे शिष्यत्व लाभले, आणि १८९६ मध्ये ते विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य झाले.

भाषेकडे त्यांना वळवले ते एका वादाने. मॉस्कोचे गणिती नेक्रासोव्ह यांनी १९०२ मध्ये असे प्रतिपादन केले की, मोठ्या संख्यांचा नियम लागू होण्यासाठी घटना परस्परांपासून स्वतंत्र असणे आवश्यक आहे. आणि मानवी वर्तनाची आकडेवारी स्थिर आढळते त्याअर्थी माणसाची इच्छा स्वतंत्र आहे. धर्मविचाराला गणिताचा असा आधार देणे मार्कोव्ह यांना असह्य होते. परस्परावलंबी घटनांनाही तो नियम लागू पडू शकतो, हे त्यांनी १९०६ मध्ये सिद्ध केले. उदाहरण तेवढे हवे होते. ते भाषेने पुरवले.

जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी अकादमीपुढे ठेवलेला निबंध 'येवगेनी ओनेगिन'मधील पहिल्या २०,००० अक्षरांवर आधारलेला आहे. दहा बाय दहाच्या २०० चौकटींत अक्षरे मांडून त्यांनी ती हाताने मोजली. स्वर ८,६३८ आणि व्यंजने ११,३६२ भरली. म्हणजे कोणतेही अक्षर स्वर असण्याची संभाव्यता सुमारे ०.४३२. अक्षरे स्वतंत्र असती तर स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याची संभाव्यताही तेवढीच निघाली असती. ती निघाली ०.१२८, आणि व्यंजनानंतर स्वर येण्याची ०.६६३. पुढे अक्साकोव्ह यांच्या गद्यातील एक लक्ष अक्षरेही त्यांनी याच रीतीने मोजली.

या आकड्यांपेक्षा त्यामागील एक निर्णय आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा वाटतो. रशियन लिपीतील कठोर व मृदू चिन्हांना स्वतंत्र उच्चार नाही, म्हणून मार्कोव्ह यांनी ती गणनेतून वगळली. मराठी संहितेवर हाच प्रयोग करणाऱ्यास असा प्रश्न पदोपदी भेडसावेल. देवनागरीत व्यंजनानंतरचा स्वर मात्रेत किंवा अक्षरातच सामावलेला असतो. 'घर' या शब्दातील अंत्य 'अ' तर लेखनात गृहीत असूनही उच्चारात लोपतो. लेखन मोजायचे की उच्चार, हे ठरल्याशिवाय स्वरांची संख्याच निश्चित होत नाही. शिवाय 'आई', 'घेऊन' यांसारखी स्वरसान्निध्ये मराठीत सहज आढळतात.

मार्कोव्ह यांच्या शृंखलेचा विस्तार पुढे बराच झाला. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी ती इंग्रजीला लावली. १९७० च्या दशकात अमेरिकेतील वाणी-अभिज्ञानाच्या संशोधनाने प्रच्छन्न मार्कोव्ह प्रतिमान स्वीकारले आणि काही दशके तेच तेथील प्रमुख साधन राहिले. या कीर्तीत त्यांचा १९१६ चा एक छोटा लेख मात्र झाकोळला जातो. निकोलाय मोरोझोव्ह यांनी शब्दांच्या वारंवारितेवरून लेखक ओळखण्याची पद्धती मांडली होती; एवढ्या तुटपुंज्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही, असा आक्षेप मार्कोव्ह यांनी घेतला. शैलीवैज्ञानिक प्रबंधांचे परीक्षण करणाऱ्यांनी हा आक्षेप अवश्य ध्यानी ठेवावा.

सत्तेशीही त्यांचे वागणे असेच रोखठोक होते. गॉर्कीची अकादमीवरील निवड १९०२ मध्ये रद्द झाली तेव्हा त्यांनी निषेध नोंदवला. १९०८ मध्ये विद्यार्थ्यांवर पाळत ठेवण्यास नकार दिला. टॉलस्टॉयच्या बहिष्काराचे स्मरण ठेवून १९१२ मध्ये त्यांनी आपल्यालाही चर्चमधून बहिष्कृत करावे, अशी मागणी केली. १९१३ मध्ये रोमानोव्ह घराण्याच्या त्रिशताब्दीचे सोहळे चालू असताना त्यांनी मोठ्या संख्यांच्या नियमाची द्विशताब्दी साजरी करविली.

१९१७ च्या शरद ऋतूत ते झारायस्क या लहानशा गावी गेले आणि तेथील शाळेत विनावेतन गणित शिकवू लागले. पुढे पेत्रोग्रादला परतल्यावर, १९२१ मध्ये, पायात घालायला जोडे नसल्याने बैठकीस येता येत नाही, असे त्यांना अकादमीला कळवावे लागले. जोडे मिळाले, पण ते वेडेवाकडे शिवलेले आणि मापाला न बसणारे होते. तेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे कळवले. २० जुलै १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.