नागनिका

नागनिका (नायनिका) ही सातवाहन वंशातील राणी होती. राजा पहिला सातकर्णी याची ती पत्नी, तर वेदिश्री आणि शक्तिश्री यांची माता होय. तिचा काळ सामान्यतः इ.स.पू. पहिले शतक मानला जातो. काही अभ्यासक तो आणखी मागे नेतात. पतीच्या निधनानंतर मुलगा अल्पवयीन असल्याने तिने राज्यकारभार पाहिला, असे बहुतेक इतिहासकारांचे मत आहे. तिच्याविषयीची माहिती प्रामुख्याने नाणेघाटातील लेण्याच्या भिंतींवरून मिळते. प्राचीन दख्खनमधील स्त्रियांचे सार्वजनिक स्थान, त्यांचा दानाचा अधिकार आणि धर्मकृत्यांतील सहभाग या विषयांच्या चर्चेत हा लेख महत्त्वाचा पुरावा ठरला आहे.

माहेर आणि विवाह

नागनिका ही एका महारठीची कन्या होती. महारठी हे त्या काळी दख्खनमधील मोठ्या सरदारांचे पद होते. लेखात तिच्या पित्याचा उल्लेख अंगिय कुळाची कीर्ती वाढवणारा असा येतो. नाणेघाटातील एका मूर्तीवर महारठी त्रणकयिर हे नाव कोरलेले असून तोच तिचा पिता असावा, असे मानतात. नव्याने उदयास आलेल्या सातवाहन घराण्याला स्थानिक सरदारांचे पाठबळ आवश्यक होते. हा विवाह त्या दृष्टीनेही महत्त्वाचा होता. राजघराण्याच्या मूर्तींच्या रांगेत सासरच्या पुरुषांबरोबर माहेरच्या पित्यालाही स्थान मिळावे, ही गोष्ट त्याचीच साक्ष देते.

सातकर्णी हा सिमुकाचा पुत्र की पुराणांत म्हटल्याप्रमाणे कृष्णाचा, याबद्दल मतभेद आहेत. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण. तेथून जुन्नरमार्गे कोकणातील कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे जाणारी व्यापारी वाट नाणेघाटातून उतरत असे.

नाणेघाटातील लेख

जुन्नर तालुक्यातील या घाटाच्या माथ्याशी एक चौकोनी लेणे आहे. त्याच्या डाव्या आणि उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत प्रत्येकी १० ओळींचा लेख आहे. कर्नल साइक्स याने १९व्या शतकाच्या पूर्वार्धात त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि गेओर्ग ब्यूलर यांनी त्याचे वाचन केले. लेख ठिकठिकाणी तुटलेला असल्याने त्यातील अनेक वाक्यांचे कर्ते आणि संदर्भ हरवले आहेत.

मागील भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या आता नष्ट झाल्या असून त्यांच्या वरची नावे तेवढी उरली आहेत. सिमुकाच्या नावानंतर नागनिका आणि सातकर्णी यांचा एकत्रित नामोल्लेख येतो. त्यात राणीचे नाव आधी आणि राजाचे नंतर आहे. ही बाब वाटते तितकी किरकोळ नाही. जुन्नर परिसरात मिळालेल्या चांदीच्या नाण्यावरही सातकर्णीबरोबर तिचे नाव आढळते.

लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. त्यानंतर राणीचे वर्णन येते. महिनाभर उपवास करणारी, घरात राहूनही तपस्विनीप्रमाणे वागणारी, ब्रह्मचर्य पाळणारी आणि व्रते व यज्ञ जाणणारी असे तिचे चित्र त्यात आहे. हे वर्णन विधवेच्या आचाराशी जुळते, आणि ती पुत्राच्या वतीने राज्य करीत होती या मताचा मुख्य आधारही हाच आहे.

पुढील मोठा भाग यज्ञ आणि दक्षिणा यांच्या नोंदींनी व्यापला आहे. अग्न्याधेय, राजसूय, दोन अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम अशा अनेक यज्ञांची नावे येतात. दक्षिणेत गायी, घोडे, हत्ती, गावे, वस्त्रे, चांदीची भांडी आणि कार्षापण नाणी आहेत. एके ठिकाणी १,७०० गायी आणि १० हत्ती, तर दुसरीकडे २४,४०० कार्षापणांची नोंद आहे. या आकड्यांमुळे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासातही हा लेख महत्त्वाचा मानला जातो. राणीच्या दानाचा हिशेब गणिताच्या अभ्यासकांना उपयोगी पडावा, हा योगायोगच.

यज्ञाच्या अधिकाराचा प्रश्न

हे यज्ञ नागनिकेने स्वतः केले की पतीबरोबर, हा वादाचा विषय आहे. मीमांसाशास्त्रानुसार पत्नी ही यज्ञात सहभागी असते, मात्र तिला एकटीने यज्ञ करता येत नाही. त्यामुळे हे यज्ञ सातकर्णीच्या हयातीत झाले आणि वैधव्यकाळात राणीने ते कोरून घेतले, असे अनेकांना वाटते. हा अर्थ अधिक सयुक्तिक आहे. तो मान्य केला तरी राणीचे महत्त्व उणावत नाही. पतीच्या अश्वमेधांची कीर्ती, घराण्याची मूर्तिमालिका आणि मुलांचा वारसाहक्क या तिन्ही गोष्टी एका विधवेच्या नावाभोवती, वर्दळीच्या घाटात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा कोरल्या गेल्या. पुढील काळातील धर्मशास्त्रात विधवेला मंगलकार्यातून दूर ठेवण्याकडे कल वाढत गेला. त्या पार्श्वभूमीवर हा लेख वेगळा उठून दिसतो. अनंत सदाशिव आळतेकर यांनी हिंदू संस्कृतीतील स्त्रियांच्या स्थितीवरील आपल्या १९३८च्या इंग्रजी ग्रंथात राज्यकारभार पाहणाऱ्या राण्यांमध्ये तिचा समावेश केला आहे.

समकालीन रोममध्ये याला काही समांतर गोष्टी आढळतात. ज्युपिटरच्या मुख्य पुरोहिताची पत्नी निधन पावल्यास त्याला पद सोडावे लागे, कारण पत्नीवाचून त्याचे धर्मकृत्य अपुरे मानले जाई. ग्राकस बंधूंची माता कॉर्नेलिया हिचा पुतळा रोममध्ये उभारला गेला होता. तिची ओळखही प्रामुख्याने पुत्रांची माता हीच होती. इ.स.पू. ४२मध्ये श्रीमंत स्त्रियांवर कर लादण्यात आला, तेव्हा हॉर्टेन्सिया हिने भर चौकात भाषण करून विरोध केला आणि करपात्र स्त्रियांची संख्या १,४००वरून ४००वर आली. नागनिकेच्या हाती प्रत्यक्ष सत्ता होती. रोमन स्त्रीला राजपद वा अधिकारपद मिळत नसे.

नंतरचा काळ

पुढील सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी मातृनामे लावू लागले. यावरून राज्य मातृसत्ताक होते असे ठरत नाही, कारण वारसा पित्याकडूनच चाले. तरीही राजमातेचा अधिकार कागदोपत्री दिसतो. नाशिकच्या पांडवलेण्यातील २४व्या राज्यवर्षाच्या आज्ञेत गौतमीपुत्र सातकर्णीसोबत त्याच्या मातेचाही निर्देश आहे. भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत पडीक आणि त्याचे गाव ओस पडल्याने त्याऐवजी १०० निवर्तने राजकीय जमीन द्यावी, असा तिचा आशय आहे. पुढे नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षी गौतमी बलश्रीने तेथीलच तिसऱ्या क्रमांकाचे लेणे भद्रायणीय भिक्षूंना दिले. ती मोठी देणगी होती. मात्र कार्ले, कान्हेरी आणि कुडा येथील लेखांत एखादा खांब, पाण्याचे टाके किंवा खोली देणाऱ्या गृहिणी आणि भिक्षुणी भेटतात. त्यांपैकी अनेकींचे नाव त्या एका ओळीपलीकडे कोठेही उरलेले नाही.