सर जगदीशचंद्र बोस : जीवनपरिचय आणि आपल्या मोबाइलची रेंज



गणपतीला चाकरमानी मुंबईहून मिठबावात आले की मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. मुंबईत व्हिडिओ पटकन उघडतो, मग इथे तो नुसता गोल गोल का फिरत राहतो? सड्यावर गेलं की रेंज येते आणि खाली वाडीत उतरलं की जाते, असं का? मुंबईची मुलंही सांगतात, लिफ्टमध्ये शिरलं की त्यांचाही फोन तुटतो. या प्रश्नांचं उत्तर देताना एका शास्त्रज्ञाची गोष्ट सांगावी असं मला वाटतं. ते म्हणजे सर जगदीशचंद्र बोस. वनस्पतींवरच्या प्रयोगांमुळे ते आपल्याला माहीत असतात. पण त्याआधी त्यांनी जे काम केलं, ते आज आपल्या खिशातल्या फोनपर्यंत येऊन पोचलं आहे.

बालपण आणि शाळा

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग इथे झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्या काळी अशा घरातली मुलं इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. स्वतःची भाषा आणि आपली माणसं आधी कळली पाहिजेत, असं त्यांचं मत होतं.

या शाळेत जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या हाताखालच्या मुसलमान शिपायाचा मुलगा बसायचा आणि दुसऱ्या बाजूला एका मच्छीमाराचा. पाण्यातले जीव, पक्षी, प्राणी यांच्या गोष्टी या मित्रांकडून ऐकल्या आणि निसर्गाची ओढ तिथेच लागली, असं त्यांनी पुढे मोठेपणी सांगितलं. आपल्या वर्गातही रापणीला जाणाऱ्या घरातली मुलं असतात. त्यांना हा भाग आवर्जून सांगा.

पुढे ते कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये गेले. सुरुवातीला इंग्रजी जड गेलं, पण निभावलं. तिथे फादर लाफोंट यांनी प्रयोग करून दाखवत भौतिकशास्त्र शिकवलं आणि गोडी लावली. १८८० साली ते डॉक्टरी शिकायला इंग्लंडला गेले. प्रकृती साथ देईना, म्हणून ते सोडून केंब्रिजला विज्ञान शिकू लागले.

तीन वर्षं बिनपगारी

१८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. तिथला नियम बघा. भारतीय प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार. जगदीशचंद्रांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मा! म्हणजे त्याच कामाला फक्त एक तृतीयांश. घरी वडिलांवर कर्ज होतं. तरीही त्यांनी तो पगार घेतला नाही. तीन वर्षं रोज वर्गावर गेले, मनापासून शिकवलं आणि एक पैसाही उचलला नाही. शेवटी सरकार नमलं. नोकरी कायम झाली आणि मागचा सगळा पगार पूर्ण दराने मिळाला.

छोट्या लहरींचा शोध

जर्मनीच्या हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या होत्या. १८९४ साली जगदीशचंद्रांनी या लहरींवर संशोधन करायचं ठरवलं. कॉलेजने प्रयोगशाळा दिली नाही. जेमतेम २४ चौरस फुटांची एक खोली आणि हाताशी पत्र्याचं काम करणारा एक कारागीर, एवढ्यावर काम सुरू झालं.

त्यांनी मुद्दाम खूप छोट्या लहरी निवडल्या. लांबी ५ ते २५ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्यापासून बोटाच्या एका पेरापर्यंत. लहर छोटी असली की उपकरणंही टेबलावर मावतील एवढी छोटी करता येतात. त्यांची युक्ती मुलांना फार आवडते. रेल्वेच्या जाडजूड वेळापत्रकाच्या पानांमध्ये त्यांनी धातूचा पातळ वर्ख घातला आणि लहरी गाळण्याचं साधन तयार केलं! तागाचे पीळ दिलेले धागेही त्यांनी प्रयोगात वापरले. लहरी गोळा करायला नरसाळ्यासारखं तोंड केलं. आज ज्याला हॉर्न अँटेना म्हणतात, ती हीच कल्पना.

१८९५ मध्ये कलकत्त्यात लोकांसमोर त्यांनी तारेशिवाय दूरवरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान झालं.

मोबाइलशी याचा संबंध काय?

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. लांब लहर दूर जाते, अडथळ्याला वळसा घालते. छोटी लहर भिंत, झाडाची पानं, पाऊस यांनी अडते. पण छोट्या लहरींच्या पट्ट्यात जागा भरपूर मिळते. पाणंदीतून एका वेळी एकच गाडी जाईल, चौपदरी हायवेवरून अनेक जातील, तसंच हे. जागा रुंद, तर डेटा जास्त आणि वेग जास्त.

फाईव्ह-जीसाठी आपल्याकडे वेगवेगळे पट्टे आहेत. ७०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ४३ सेंटिमीटर लांब. ती दूर पोचते. ३३०० मेगाहर्ट्झची सुमारे ९ सेंटिमीटर. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात फाईव्ह-जी सुरू झालं, त्यानंतर मोठ्या शहरांतला वेग मुख्यतः या पट्ट्यातून मिळतो. आणि २०२२ च्या लिलावात २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही होता. त्याची लहर साधारण साडेअकरा मिलिमीटर. म्हणजे थेट जगदीशचंद्रांच्या टेबलावरची!

शहरात आणखी एक अडचण असते. एका टॉवरचा वेग त्याच्यावरच्या सगळ्या फोनमध्ये वाटला जातो. संध्याकाळी दादर स्टेशनवर हजारो लोक एकदम फोन उघडतात, तेव्हा रेंज फुल्ल दिसूनही नेट रडतं. म्हणून शहरात टॉवर आणि गच्चीवरचे अँटेना जवळजवळ लावतात. आपल्याकडे वस्ती विरळ, मध्ये डोंगर आणि माडाच्या बागा, त्यात टॉवर लांब लांब. सड्यावर टॉवर आणि फोन यांच्यामध्ये अडथळा कमी, म्हणून तिथे रेंज येते.

पेटंट नको

१९०१ च्या डिसेंबरमध्ये मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संदेश पोचवला. त्यांनी लांब लहरी घेतल्या आणि त्यातून धंदा उभा राहिला. १९२७ मध्ये आपल्या खडकी आणि दौंडच्या केंद्रांतून इंग्लंडशी बिनतारी तारसेवाही सुरू झाली. जगदीशचंद्रांना मात्र शोधाचा पैसा करायचा नव्हता. सारा बुल या अमेरिकन स्नेही बाईंनी फारच आग्रह धरला म्हणून १९०१ मध्ये अमेरिकेत पेटंटचा अर्ज झाला. लहरी ओळखायला गॅलिना नावाचा खनिज स्फटिक वापरण्याचं ते पेटंट १९०४ मध्ये मिळालं. जगदीशचंद्रांनी ते पुढे चालवलं नाही. ज्ञान सगळ्यांचं आहे, ही त्यांची धारणा होती. त्यामुळे नाव आणि पैसा दुसरीकडे गेला, आणि आपल्या मुलांना रेडिओ म्हटलं की एकच नाव आठवतं. हे बरोबर की चूक, यावर सातवीच्या वर्गात छान चर्चा होऊ शकते.

पुढे ते वनस्पतींकडे वळले. रोपाची वाढ हजारो पट मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी बनवला. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, स्वतःच्या वाढदिवशी, कलकत्त्यात बोस संस्था स्थापन केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहूनच दिल्लीला लागला, घंटा वाजवल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

वर्गात आणि घरी करून पहा

१. फोनच्या रेंजच्या दांड्या मोकळ्या अंगणात, घरात, माडाच्या बागेत आणि सड्यावर मोजून तक्ता करा.
२. फोन झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दुसऱ्या फोनवरून कॉल लावा. काय होतं ते लिहा. नीट बंद नसलेल्या डब्यात घंटा वाजेलही. मग फट कुठे आहे ते मुलांनाच शोधू द्या.
३. ३० नोव्हेंबरच्या परिपाठात ही गोष्ट सांगा.

पालकांना एकच सांगावंसं वाटतं. मराठी शाळेत घातलं म्हणून मूल विज्ञानात मागे पडेल, ही भीती अनेकांना वाटते. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, पुढच्या शिक्षणात इंग्रजी लागतंच. जगदीशचंद्रांनाही लागलं आणि त्यांनी ते नंतर शिकून घेतलं. पण प्रश्न विचारायची सवय त्यांना बंगाली शाळेच्या बाकावर, मच्छीमाराच्या मुलाशेजारी बसून लागली. तुमचं मूल रेंज का जाते असं विचारत असेल, तर त्याला गप्प करू नका. त्याच्याबरोबर सड्यावर जा आणि दांड्या मोजा.