बहिऱ्यांचे कैवारी फर्डिनांड बर्थिये

ज्याला ऐकूं येत नाहीं व बोलतां येत नाहीं, त्याला बुद्धिही नाहीं, असें पुष्कळ लोक समजतात. ही समजूत किती खोटी आहे, हें फर्डिनांड बर्थिये यांच्या चरित्रावरून दिसून येतें.

बर्थिये यांचा जन्म फ्रान्स देशांत ३० सप्टेंबर १८०३ रोजीं झाला. ते बहिरे होते. १८११ सालीं ते पॅरिस येथील बहिऱ्या मुलांच्या शाळेंत आले. ह्या शाळेचा पाया आबे दलेपे नामक धर्मोपदेशकानें घातला होता. गरीब बहिऱ्या मुलांस हातांच्या खुणांनीं विद्या देतां येते, हें त्यानें लोकांस दाखविलें होतें. तेथें शिकून बर्थिये पुढें त्याच शाळेंत शिक्षक झाले.

त्या काळीं कित्येक ऐकणाऱ्या शिक्षकांचें म्हणणें असें कीं, बहिऱ्यांनीं खुणा सोडून तोंडानेंच बोलावयास शिकावें. बर्थिये यांस हें मान्य नव्हतें. खुणा हीच बहिऱ्यांची खरी भाषा होय, असें ते मानीत. म्हणून १८३४ सालीं दलेपे याच्या जन्मदिनानिमित्त त्यांनीं बहिऱ्यांचें सहभोजन भरविलें. तेथें भाषणें खुणांनींच झालीं. पुढें तीं भोजनें दरवर्षीं होऊं लागलीं. १८३८ सालीं त्यांनीं बहिऱ्यांची एक मंडळी स्थापन केली. आपल्या गुरुजनांचीं चरित्रें त्यांनीं लिहिलीं, आणि देशाचा कायदा बहिऱ्यांस समजावा म्हणून १८६८ सालीं त्यावर ग्रंथ केला. १८४९ सालीं सरकारनें त्यांस लीजन ऑफ ऑनर हें मानचिन्ह दिलें. हा मान मिळविणारे ते पहिले बहिरे गृहस्थ होत.

परंतु म्हातारपणीं त्यांस मोठें दुःख पाहावें लागलें. १८८० सालीं इटलींतील मिलान शहरीं बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. १६४ प्रतिनिधींत बहिरा असा एकच होता. तरी शाळांतून खुणा बंद कराव्या, असा ठराव तेथें झाला. आणि पुष्कळ बहिऱ्या शिक्षकांचें काम गेलें. १२ जुलै १८८६ रोजीं बर्थिये वारले. तो ठराव चुकीचा होता, हें शिक्षकांच्या तशाच परिषदेनें कॅनडांतील व्हँकूव्हर येथें २०१० सालीं कबूल केलें.

वाचकहो, आपल्या गांवीं एखादें बहिरें मूल असेल, तर त्यास वेडें म्हणून कोपऱ्यांत बसवूं नका. त्याच्या खुणा शिका, व त्यास शाळेंत पाठवा. त्याच्या मनांत काय आहे, हें तेव्हांच तुम्हांस कळेल.