वेलन जेनिंग्ज
अमेरिकेतील टेक्सास राज्यात लिटलफील्ड या लहानशा गावी १९३७ साली वेलन जेनिंग्ज यांचा जन्म झाला. घरी दारिद्र्य होते. पण आईने मुलास गिटार वाजविण्यास शिकविले. लहान वयातच तो नभोवाणीवर गाऊ लागला. पुढे लबक शहरी रॉक अँड रोलचा तरुण गायक बडी हॉली याने त्याचे गुण हेरून १९५८ साली त्याची पहिली ध्वनिमुद्रिका काढविली व त्यास आपल्या वाद्यवृंदात घेतले.

१९५९ च्या कडक हिवाळ्यात, आयोवा राज्यातील दौऱ्यात, वेलनने विमानातील आपली जागा आजारी सहकाऱ्यास दिली. ३ फेब्रुवारीस ते विमान कोसळले. हॉलीसह चौघेही प्राणास मुकले.

वेलन खचला, पण पुन्हा उभा राहिला. अमेरिकेच्या ‘कंट्री’ संगीतात थोर गायक म्हणून मान्यता पावलेले जेनिंग्ज २००२ साली निवर्तले. मित्राचा विश्वास त्यांनी सार्थ केला होता.