सहा दीर्घिका आणि एक माणूस

काही माणसांचं नाव पुस्तकात जातं, पण ते बघायला ती माणसं उरत नाहीत. कार्ल सीफर्ट यांचं तसंच झालं.

११ फेब्रुवारी १९११ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये त्यांचा जन्म झाला. हार्वर्डला गेले ते डॉक्टर व्हायला. पण बार्ट बॉक यांची खगोलशास्त्रावरची व्याख्यानं ऐकली आणि लाईनच बदलली! १९३६ मध्ये पीएच.डी. झाली.

१९४० ते ४२ या काळात ते माउंट विल्सन वेधशाळेत होते. तिथे त्यांनी सहा दीर्घिकांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांची केंद्रं भलतीच तेजस्वी होती. वर्णपटातल्या रेषाही रुंद होत्या. म्हणजे तिथला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावत होता. का धावतो, हे तेव्हा कोणालाच सांगता येईना. १९४३ मध्ये निबंध छापून आला. महायुद्धाचे दिवस, फारशी कोणी दखल घेतली नाही.

सीफर्ट मात्र रुसून बसले नाहीत. १९४६ मध्ये ते नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात आले. तिथे होती फक्त सहा इंची जुनी दुर्बीण. मग त्यांनी गावातल्या व्यापाऱ्यांचे उंबरठे झिजवले, पैसा आणि सामान मिळवलं आणि १९५३ मध्ये २४ इंची दुर्बिणीची डायर वेधशाळा उभी केली. १३ जून १९६० रोजी मोटार अपघातात ते गेले. वय अवघं ४९.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. १९६३ मध्ये क्वेसार ओळखले गेले आणि लोकांना त्या सहा दीर्घिका आठवल्या. १९६७ मध्ये त्यांतल्या एनजीसी ४१५१ चा प्रकाश कमीजास्त होतो असं आढळलं. आता हिशोब करा : जी वस्तू काही तासांत उजळते, ती तेवढ्या तासांत प्रकाश जाईल त्याहून फार मोठी असू शकत नाही. २०१७ च्या नववर्षाच्या रात्री एनजीसी १२७५ चे गॅमा किरण साधारण दहा तासांत दुप्पट होत होते. दहा प्रकाशतास म्हणजे सुमारे १०८० कोटी किलोमीटर. ढोबळमानाने प्लूटोच्या कक्षेची रुंदी! एवढ्याशा जागेतून एवढी ऊर्जा? उत्तर : अवाढव्य कृष्णविवर.

क्ष-किरणांचे चढउतार बघितले तर निव्वळ नॉइज वाटतो. पण आपण सिग्नलच्या विषयात काढतो तसा पॉवर स्पेक्ट्रम काढला, की मंद चढउतार मोठे आणि झपाट्याचे लहान दिसतात. हा आलेख एका ठरावीक कालावधीपाशी वळतो, आणि कृष्णविवर जितकं जड तितका तो कालावधी लांब. म्हणजे नॉइजमधूनच वजन कळतं!

यातलं काहीच सीफर्टना ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त जे दिसलं ते नीट मोजून लिहून ठेवलं. प्रॅक्टिकलला रीडिंग ग्राफवर बसलं नाही की आपण काय करतो? गुपचूप खोडतो. पुढच्या वेळी खोडरबर उचलण्याआधी या माणसाला एकदा आठवा.