विल्बर राइट आणि सायकलची चेन

राइट बंधूंचा पाठ शिकवताना आपण एक वाक्य हमखास म्हणतो, की हे दोघे साधे सायकल दुरुस्त करणारे होते आणि तरी त्यांनी विमान बनवलं. माझं म्हणणं असं, की त्या वाक्यातला 'तरी' काढून टाका. ते सायकलवाले होते म्हणूनच पुष्कळ गोष्टी त्यांना जमल्या. त्यातली एक गोष्ट तुमच्या घरच्या सायकलवरसुद्धा आहे. ती म्हणजे चेन.

दोघांतला थोरला विल्बर. जन्म 16 एप्रिल 1867, अमेरिकेच्या इंडियाना राज्यात. वडील मिल्टन धर्मोपदेशक. यंत्रांची हौस मात्र मुलांना आईकडून आली. सुझान राइट यांचे वडील गाड्या बनवणारे कारागीर होते, आणि घरातली मोडतोड ती माउली स्वतः दुरुस्त करायची. विल्बर अभ्यासात हुशार होता. पुढे येल विद्यापीठात जायचं ठरत होतं. पण 1885-86 च्या हिवाळ्यात बर्फावर हॉकी खेळताना तोंडावर काठी बसली, पुढचे दात गेले, आणि त्यानंतर तब्येत व मन दोन्ही खचलं. येल राहिलं ते राहिलंच. आईला क्षय झालेला होता. पुढची जवळजवळ तीन वर्षं हा तरुण घरात बसून वडिलांची पुस्तकं वाचत होता आणि आईची सेवा करत होता. 1889 मध्ये आई गेली.

त्यानंतर धाकट्या ऑर्व्हिलबरोबर छापखाना, आणि 1892 मध्ये डेटन गावात सायकलचं दुकान. आधी विक्री-दुरुस्ती, मग 1896 पासून स्वतःच्या बनावटीच्या सायकली.

आता थोडं चेनबद्दल, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. चेन सैल असेल तर खड्ड्यात उतरते, आणि जोर लावला की आधी सैलपणा संपतो नि मग एकदम हिसका बसतो. फार ताणली तर बेअरिंग आणि दाते झिजतात, पेडल जड जातं. म्हणून मधोमध बोटाने दाबल्यावर साधारण अर्धा इंच हलेल इतकी ती ठेवायची. आपल्या नेहमीच्या सायकलला मागच्या चाकाचे नट सैल करून चाक मागे ओढतात. काही सायकलींना, विशेषतः दोघांनी चालवायच्या टँडमला, वेगळी सोय असते. पेडलचा एक्सल ज्या गोल नळकांड्यात बसतो, त्याचं भोक मधोमध नसून एका बाजूला सरकलेलं असतं. त्याला एक्सेंट्रिक बॉटम ब्रॅकेट म्हणतात. पकड सैल करून नळकांडं जरा फिरवलं की एक्सल पुढे-मागे सरकतो, आणि चेन ताणली जाते किंवा ढिली होते. मग पेडल पूर्ण फिरवून बघायचं. दातेरी चाक अगदी गोल क्वचितच असतं, त्यामुळे चेन एका जागी जास्त घट्ट लागते. त्या घट्ट जागीसुद्धा थोडी ढील उरली पाहिजे. वर्गात एक सायकल उलटी करून हे दाखवा. दहा मिनिटं लागतात.

विल्बरने 1899 मध्ये उड्डाणाचा अभ्यास सुरू केला. 1902 पर्यंत दोघा भावांचं ग्लायडर नीट वळायला लागलं होतं. उरला प्रश्न इंजिनाचा. दुकानातला मेकॅनिक चार्ली टेलर याने बारा अश्वशक्तीचं इंजिन घडवलं. पण ते पंखावर मधल्या भागात, आणि पंखे दोन, दोन बाजूंना. ही ताकद तिथे न्यायची कशी? भावांनी दुकानातलंच उत्तर निवडलं, दातेरी चाकं आणि लांबलचक चेन. इंजिनाकडच्या चाकाला 8 दाते, पंख्याकडच्या चाकाला 23. म्हणजे इंजिनाचे जवळजवळ तीन फेरे, तेव्हा पंख्याचा एक. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरले तर विमान एका बाजूला ओढलं जाईल, म्हणून एक चेन इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पिळून नेली. एवढी लांब चेन झोके घेऊ नये म्हणून ती पोलादी नळ्यांतून फिरवली.

आणि तरीही नोव्हेंबर 1903 मध्ये किटी हॉकच्या वाळूत सगळं अडलं ते इथेच. इंजिन अडखळत चालायचं, चेन हिसके द्यायची, आणि त्या हिसक्यांनी पंख्यांचे दांडे बिघडले. ते डेटनला पाठवून दुरुस्त करून आणले, तर दातेरी चाकांचे नट टिकेनात. पान्याने कितीही आवळा, काही सेकंदांत पुन्हा सैल. शेवटी भावांनी सायकलचा टायर चिकटवायचं सिमेंट वितळवून आट्यांमध्ये ओतलं. नट बसले ते बसलेच! (पंक्चरवाल्याची ही विद्या आपल्या पाठ्यपुस्तकात यायला हवी असं मला फार वाटतं.) मग एका दांड्याला तडा गेला. हिवाळा डोक्यावर, हंगाम हातचा जायची वेळ. ऑर्व्हिल स्वतः डेटनला गेला आणि स्प्रिंगच्या पोलादाचे भरीव दांडे घेऊन 11 डिसेंबरला परतला.

14 तारखेला नाणेफेक विल्बरने जिंकली, पण विमान जरा उचललं आणि खाली आपटलं. 17 तारखेला पहिली पाळी ऑर्व्हिलची, 12 सेकंद, 120 फूट. त्या दिवशीचं चौथं आणि सर्वांत लांब उड्डाण विल्बरचं, 59 सेकंद, 852 फूट. चेन टिकली. नंतर वाऱ्याने उभं विमान उलटवलं, तेव्हा चेनच्या नळ्या वाकल्या.

विल्बरला पुढे फार दिवस मिळाले नाहीत. 1908 मध्ये त्याने फ्रान्समध्ये उडून दाखवलं, मग पेटंटचे खटले सुरू झाले, आणि 30 मे 1912 ला विषमज्वराने तो गेला, वयाच्या 45 व्या वर्षी. लग्न केलंच नव्हतं. डेटनमधलं त्यांचं सायकलचं दुकान हेन्री फोर्डने विकत घेतलं आणि 1937 मध्ये मिशिगनमधल्या आपल्या संग्रहालयात हलवलं. आजही ते तिथे उभं आहे.